टिटवीची नाळ

"आई, मी घर सोडून चालले! कायमची!" आणि मग उंबरा ओलांडता ओलांडता, मान वळवून, "सराव!"

हा आवाज पाच वर्षांचा होता. गळ्यात पाण्याची बाटली, डावा बूट उजव्या पायात, आणि कोपऱ्यावर शाळेची गाडी भोंगा वाजवून वाजवून दमलेली. शेवटचा शब्द म्हणताना तो आवाज असा खुदकन हसायचा, की ओट्यावरची भांडीही हसल्यासारखी वाजायची. आवाजाची मालकीण आता आईपेक्षा वीतभर उंच झाली होती, तिच्या हातांना इंजिनाच्या तेलाचा वास येत होता. पण लेकराचं झबलं घडी घालून ठेवावं, तसा आईनं तो आवाज जपून ठेवला होता. मन उदास झालं, की काढायचा, हुंगायचा, पुन्हा घडी घालून ठेवायचा.

हा 'सराव' घरात आला होता आईच्या कामावरून.

आई उड्डाणकेंद्रात होती. तिथं तिला सगळे नाळवाली म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि तिलाही ते आवडायचं. रॉकेट तळावर उभं असतं तेव्हा एकटं नसतं. शेजारी लोखंडी मनोरा असतो, मनोऱ्याला एक लांब हात असतो, आणि त्या हातातून नळ्यांचा नि तारांचा एक जाड जुडगा रॉकेटच्या डोक्यापर्यंत गेलेला असतो. डोक्यात यान बसलेलं. त्या जुडग्यातून यानाला थंड हवा मिळते, वीज मिळते, आणि "कशी आहेस?", "बरी आहे" असं बोलणं चालू राहतं. तीच नाळ. ती घट्ट बसली पाहिजे, आणि वेळ आली की अलगद सुटलीही पाहिजे. "घट्ट धरणारे गल्लोगल्ली मिळतात," उड्डाणप्रमुख म्हणायचे, "अलगद सोडणारं माणूस शोधून आणावं लागतं." प्रमुखांना केंद्रात मास्तर म्हणत, कारण ते रॉकेटशीसुद्धा हजेरी घेतल्यासारखे बोलत.

उड्डाणाच्या आधी तिथं महिनोन्‌महिने तालमी चालत. तालमीत जो शब्द तोंडातून निघेल, त्याच्या शेपटीला 'सराव' बांधायचा, हा कायदा. "टाकी भरली, सराव." "आग लागली, सराव." कायद्याचा जन्म एका फजितीतून झाला होता. कधीकाळी तालमीत कुणी तरी "पाणी सोडा" म्हणालं, उड्डाणाचा जाळ नि दणका शमवायला तळाखाली सोडतात ते पाणी, आणि पाणीवाल्यानं ते खरंच सोडलं. तळाखालून नदी उसळली, आणि मनोऱ्याच्या पायाशी रंग देत बसलेले रंगारी डब्या-कुंचल्यांसकट कुंपणापर्यंत वाहत गेले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण कुंपण कित्येक दिवस निळं होतं. तेव्हापासून तालमीत 'सराव' सक्तीचा. आणि कायद्याची दुसरी बाजूही तेवढीच कडक. खऱ्या दिवशी कुणाच्या तोंडून 'सराव' निघाला, तर उड्डाणाची उलटी मोजणी जागच्या जागी थांबवायची. खरं कुठलं नि खोटं कुठलं, मग कुणी सांगावं?

घरी हा शब्द का रुजला, त्यालाही कारण होतं.

लेकीचा बाप एका सकाळी "येतो गं" म्हणून कोपऱ्यावर दूध आणायला गेला. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, ही आपल्या बोलीची माया. पण रस्त्याला माया नसते. एका वळणानं त्याला तिथंच ठेवून घेतलं. त्यानंतर कुणी "येते हं" म्हणून दाराबाहेर पाऊल टाकलं, की आईचा चेहरा पांढराफटक व्हायचा. ती काही बोलायची नाही. पण पोरं न बोललेलंच आधी ऐकतात. एकदा आई फोनवर कामाचं बोलत होती, तेव्हा पोरीनं विचारलं, "सराव म्हणजे काय गं?"

"म्हणजे खरं नाही. नुसतं करून बघायचं. आणि मग सगळे परत आपापल्या जागी."

"सगळे?"

"सगळे."

झालं. दुसऱ्या दिवशी पोरगी दारात कमरेवर हात देऊन उभी. घर सोडून चालले, कायमची, सराव! आई आधी दचकली, मग हसली. त्या दारातून जाताना कुणी तरी तिला हसवलं, ते फार दिवसांनी. मग ती रीतच पडली. सहलीला चालले, सराव. वसतिगृहात राहायला चालले, सराव. पोरीचं नाव काहीही असो, घरात ती भिंगरी होती, कारण तिचा पाय कधी जमिनीला टेकायचा नाही. पण भिंगरी कितीही फिरली, तरी शेवटी त्याच फरशीवर येऊन थांबायची.

आणि मग ती संध्याकाळ आली. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. भिंगरी ओट्याखाली अर्धी आत, अर्धी बाहेर, पाना फिरवत होती.

"आई," ती आतूनच म्हणाली, "मोठ्या बोटीवरून बोलावणं आलंय. इंजिनखान्यात. वर्षातला बहुतेक काळ पाण्यावरच."

आई कप विसळत होती. "सराव?" ती म्हणाली. सवयीनं, हसत.

पाना थांबला. भिंगरी बाहेर आली. गालावर काळा पट्टा, डोळ्यांत दिवे.

"नाही गं. या वेळी खरं."

आईनं नळ सोडला. गळका नळ धबधब वाहू लागला, आणि त्या आवाजात तिला काही बोलावं लागलं नाही.

"आई, पाणी! अगं, मी अजून बसवला नाहीये तो!" दोघी चिंब झाल्या, पुसापुशी झाली, हसणंही झालं. पण बोलण्याची वेळ टळली ती टळलीच. नंतर भिंगरीनं दोन-तीनदा विषय काढला. आईचं उत्तर ठरलेलं.

"आधी माझी टिटवी उडू दे. मग बघू."

"मग बघू म्हणजे कधी? तुझ्या उड्डाणाच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला त्यांना कळवायचंय."

"मग आहे की वेळ."

"आई, बघ. तू जा म्हणालीस तरच मी जाणार. आणि तोंड फुगवून म्हणालीस तर नाही चालणार. तोंड फुगवलं तर मी इथंच राहीन आणि रोज तुझा नळ दुरुस्त करत बसेन. आयुष्यभर."

"बरं होईल. गळतोच तो."

हसून सोडून दिलं तिनं. पण रात्री कूस बदलताना तिला कळत होतं की पोरगी खरंच राहील. कुरकुर न करता राहील. आणि घरात दोन माणसं एकमेकींची काळजी घेत, एकमेकींकडे न बघता म्हातारी होतील. कळत होतं सगळं. पण 'जा' हा एवढासा शब्द घशात हाडकासारखा अडकला होता. ना गिळवत होता, ना बाहेर निघत होता.

टिटवी म्हणजे यान. त्याचे ते लांबलचक पाय, आणि कानात घालायच्या यंत्रातून येणारा त्याचा टिट्‌-टिट्‌ आवाज, यावरून नाव पडलं. हवामानवाला म्हणाला होता, "टिटवीचं ओरडणं अशुभ असतं म्हणतात." नाळवालीनं त्याला ऐकवलं, "ढगांचं काय ते बघ. पाखरांकडे मी बघते." ही टिटवी नेपच्यूनकडे निघाली होती, सूर्याच्या घरातल्या अगदी शेवटच्या खोलीत. पोचायला दहा-बारा वर्षं तरी लागणार, आणि परत यायचा प्रश्नच नाही. वाटेत गुरूला वळसा घालून त्याच्या ओढीचा झोका घ्यायचा होता. गुरू काही कुणासाठी थांबत नाही. झोक्याचे दिवस मोजके होते. काही वाऱ्यानं खाल्ले, काही एका हट्टी झडपेनं. आजचा हातातला जवळजवळ शेवटचा.

सकाळी आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. फक्त समुद्राच्या अंगाला ढगांची काळपट कड दिसत होती.

"ती कड पाहुणी येणार आहे आपल्याकडे," हवामानवाला म्हणाला. "दुपारच्या चहापर्यंत टेकेल. त्याच्या आधी जे काय उडवायचं ते उडवा. नंतर मी पतंगसुद्धा उडवू देणार नाही."

नियंत्रणकक्षात टेबलांच्या ओळी, प्रत्येक टेबलावर पडदा, प्रत्येक कानावर यंत्र. बाहेर, बऱ्याच अंतरावर, दोऱ्या बांधून आखलेल्या मैदानात घरचे लोक बसले होते. कक्षातलं बोलणं त्यांना भोंग्यावरून ऐकू जायचं. त्या गर्दीत कुठं तरी भिंगरी होती. सकाळी निघताना ती एवढंच म्हणाली होती, "संध्याकाळी भेटू." शेपटीचा शब्द तिनं लावला नव्हता. आईनं ऐकलं, आणि न ऐकल्यासारखं केलं.

मास्तरांनी हजेरी सुरू केली.

"इंधन?"

"तयार."

"दिशा?"

"तयार."

"हवामान?"

"तयार. पण गप्पा कमी मारा."

आपली पाळी येण्याआधी नाळवालीनं बाहेरची वीज तोडली. आता टिटवी आपल्या बॅटरीवर होती. पडद्यावरची विजेची रेघ तिनं डोळ्यांत तेल घालून पाहिली. खाली येईल, येईल... नाही आली.

"नाळ?" मास्तरांनी विचारलं.

हजारदा म्हटलेला शब्द. तो म्हटला की मनोऱ्याचा हात मागे सरतो, आणि मग रॉकेटला पृथ्वीवर धरून ठेवणारं फारसं काही उरत नाही.

"नाळ मोकळी," ती म्हणाली. आणि मग उसासा सुटावा तितक्या सहज, "सराव."

घड्याळ थांबलं.

कक्षात कुणी हसलं नाही. एरवी तालमीत कुणाची जीभ घसरली, की टेबलं बडवून हसत. आज सगळ्यांच्या माना आधी पडद्याकडे, मग तिच्याकडे वळल्या. तिचा स्वतःच्या तोंडावर विश्वास बसेना. आणि पाठोपाठ आठवलं, हे मैदानातही ऐकू गेलं. भोंग्यावरून. भिंगरीला.

"मोजणी थांबली आहे," मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी शांतपणे म्हणाले. "नाळेचा शब्द पुन्हा घ्यायचा आहे." मग त्यांनी बटण दाबून फक्त तिच्या कानात विचारलं, "काय झालं, बाई?"

"जिभेची सवय, मास्तर."

"जिभेची? इतकी वर्षं ऐकतोय मी तुमची जीभ. खऱ्या दिवशी कधी घसरली नाही."

तिनं कानावरचं यंत्र उगाच घट्ट केलं.

"शेजारच्या टेबलावरून म्हणवून घेऊ का? त्यात कमीपणा नाही. गळा बसला असं सांगू लोकांना. हवामानवाला तिकडे नखं खातोय."

तिनं तोंड उघडलं, 'हो' म्हणण्यासाठीच. तेवढ्यात शेजारचा मदतनीस दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, थांबलोच आहोत तर टिटवीला बाहेरची वीज परत देऊ का? उगाच आपल्या बॅटरीवर कशाला..."

तिची नजर पडद्यावर गेली. ह्या सगळ्या घोटाळ्यात टिटवीची वीज जोडून द्यायचं आतापर्यंत कुणाला सुचलंच नव्हतं. इथं जग थांबलं होतं, माणसं श्वास रोखून बसली होती, आणि तिकडे ती आपल्या बॅटरीवर आपली आपण चालली होती. रेघ विहिरीतल्या पाण्यासारखी स्थिर. टिट्‌-टिट्‌, टिट्‌-टिट्‌. बरी आहे. बरी आहे. विचारलंही नव्हतं कुणी, तरी सांगत होती.

"नको," नाळवाली म्हणाली. "थोडा वेळ निभतं तिला. राहू दे तिच्या पायावर."

मग का कुणास ठाऊक, तिला तिची आई आठवली. कपडे वाळत घालताना, भांडी घासताना ती एकच कडवं गुणगुणायची. कुणी शिकवलेलं नव्हे, तिचं तिनंच जुळवलेलं.

पाखरू उडालं, फांदी हलली हलली
हलता हलता बाई, पुन्हा थाऱ्यावर आली

लहानपणी तिला वाटायचं, हे पाखराचं गाणं आहे. आज कळलं, ते फांदीचं होतं.

"मास्तर," ती म्हणाली, "मीच म्हणते."

"नक्की?"

"माझी नाळ आहे. मीच सोडते."

मोजणी थोडी मागे नेली, पुन्हा हजेरी सुरू झाली. इंधन तयार. दिशा तयार. हवामान तयार, आणि या वेळी नुसतंच तयार, टोमणा नाही. मग तो प्रश्न आला.

"नाळ?"

"नाळ मोकळी."

तिनं ओठ मिटले. त्या शब्दापुढे जी जागा नेहमी भरलेली असायची, ती रिकामी राहिली. सगळा कक्ष ती रिकामी जागा ऐकत होता. एक श्वास गेला, दुसरा गेला. काही आलं नाही.

मनोऱ्याचा हात सुटला, मागे झुलला, थरथरला. थरथरत थरथरत जाऊन आपल्या खोबणीत बसला. थाऱ्यावर आला.

पुढचं सगळं इतकं भराभर झालं, की नंतर तिला ते तुकड्यातुकड्यांनी आठवत राहिलं. तळाखालचं पाणी उसळलं, या वेळी खरोखरीचं. उजेड आधी आला. आवाज मागाहून, दारावर धक्के मारणाऱ्या गर्दीसारखा आला, आणि टेबलावरचे कप आपोआप सरकू लागले. रॉकेट आधी इतकं सावकाश उचललं गेलं, की वाटलं विचार बदलतंय. पण त्यानं तो बदलला नाही. वर चढलं, कललं, ढगांच्या कडेवरून पलीकडे गेलं. आभाळात पांढरी रेघ उरली, आणि वाऱ्यानं तीही हलकेच वाकडी केली.

मग वाट पाहणं. टिटवी रॉकेटपासून वेगळी होईल, पाय पसरेल, बोलेल. जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेली अँटेनाची थाळी तिचा आवाज पकडेल. हवामानवाला आपली नखं संपवून शेजाऱ्याच्या नखांकडे बघायला लागला होता. आणि मग कानात, खूप लांबून, आंधळ्या कोशिंबिरीत कुणी तरी हळूच टिचकी वाजवावी तसं:

टिट्‌-टिट्‌.

कक्ष फुटला. माणसं खुर्च्यांवर चढली, एकमेकांच्या गळ्यात पडली. "अशुभ म्हणे!" नाळवालीनं हवामानवाल्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडत होता, म्हणाला, "डोळ्यात नख गेलं." मास्तर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हजेरीत 'उपस्थित' म्हणावं तशी मान हलवली आणि पुढे गेले.

ती मैदानावर पोचली तेव्हा गर्दी पांगली होती. काळपट कड आता डोक्यावर आली होती, वारा कागदी कप पळवत होता. भिंगरी घडीच्या खुर्च्या मिटवून रचून ठेवत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण काम दिसलं की ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"काय गं," भिंगरी म्हणाली, "अख्ख्या जगासमोर?"

"ऐकलंस?"

"ऐकलंस काय विचारतेस! दहा भोंगे आहेत इथं. माझ्या शेजारचे काका घाबरले, म्हणाले, 'हे सराव काय असतं हो?' मी म्हटलं, काही नाही, आमच्या घरातला शब्द आहे. चुकून बाहेर आला."

दोघी हसल्या. मग भिंगरी हसायची थांबली.

"आई, तो टिटवीसाठी नव्हता ना?"

आईनं एक खुर्ची उचलली आणि मिटवायला गेली. खुर्ची मिटेना.

"मला कळलं," भिंगरी खिशातून फोन काढत म्हणाली. "म्हणून मी त्यांना लिहून ठेवलंय. अजून पाठवलं नाही, आता पाठवते. येत नाही म्हणून."

"काय लिहिलंयस?"

"घरी अडचण आहे."

"अडचण म्हणजे मी?"

"तसं नाही गं."

"मग कसं? घरात मी आहे नि तो नळ आहे. नळ तर तू बसवलास."

भिंगरीला हसू आलं, ते तिनं दाबलं. "आई, नाटक पुरे. तुला नाही जमत, तर नाही जमत. मी रागावले नाहीये. बोटी काय, पुन्हा येतील."

आईनं खुर्ची खाली ठेवली. वारा जोरात येऊन गेला, मैदानाच्या दोऱ्या फडफडल्या.

"तुला एक सांगते. मी चुकले ना, तेव्हा ती आपल्याच बॅटरीवर होती. बाहेरची वीज जोडायचं बराच वेळ कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मला वाटलं, आता रेघ खाली येणार. एवढीशीसुद्धा हलली नाही गं. हलले ती मी."

भिंगरीचा फोनवरचा अंगठा थांबला.

"दुसऱ्यांदा कोण म्हणालं? तूच ना?"

"मीच."

"मला वाटलंच. आवाज तुझाच होता, पण..." तिनं फोन मुठीत धरला. "पुढं काही आलं नाही. मी वाट बघत होते."

"मला माहितेय, तू वाट बघत होतीस." आईनं तिच्या हातातला फोन अलगद घेतला, आणि पडद्याकडे न बघता उलटा करून परत तिच्याच हातात ठेवला. "पूस ते जे काय लिहिलंयस ते."

"आई?"

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. तिथं आज तेलाचा पट्टा नव्हता, तरी पुसल्यासारखा फिरवला.

"सराव?" भिंगरीनं विचारलं. आवाज पुन्हा पाच वर्षांचा झाला होता.

"नाही," आई म्हणाली. "या वेळी खरं. जा."